शंका आल्यास ठिपका ठेवावा

माणसाला रेषा दिसते आणि यंत्राला ठिपके दिसतात. या दोन दृष्टींमधली दरी भरून काढण्यासाठीच कार्यालयं, नियम आणि आमच्यासारखी माणसं जन्माला आली आहेत. हे मी नम्रपणे सांगतो, कारण १९९८ ते २००० या काळात देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ही दरी भरण्याचं काम माझ्याकडे होतं. हुद्दा दस्तऐवज-नियंत्रक. हाताखाली कोणी नव्हतं, पण शिक्के सात होते.

आमचा कारखाना सोयाबीन मळण्याच्या थ्रेशरचे सुटे भाग बनवायचा. त्यांची ड्रॉइंगं, एकूण अकराशे सेहेचाळीस, ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेली, लोखंडी कपाटात पंचवीस वर्षं सुखानं नांदत होती. साहेब एकदा दिल्लीचं प्रदर्शन पाहून आले आणि म्हणाले की आता ड्रॉइंग संगणकात जाईल, संगणकातून थेट मशीनमध्ये जाईल आणि मध्ये माणूस राहणार नाही. तसं मशीनही आलं. ते ड्रॉइंग वाचू शकत नसल्यामुळे पाच महिने प्लास्टिकखाली उभं होतं. (त्याची पूजा मात्र तेवढ्यात दोनदा झाली.)

कार्यपद्धती अशी. ड्रॉइंग गुंडाळून पत्र्याच्या नळीत घालायचं आणि बसनं इंदूरला न्यायचं. तिथे एका दुकानात मोठा स्कॅनर होता, तो त्याचा फोटो काढी. फोटो म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते ठिपके, इथे काळा, तिथे पांढरा. कापणाऱ्या मशीनला ठिपक्यांचा उपयोग नाही. त्याला सांगावं लागतं की इथून निघ, तिथे जा, एवढा वळ. म्हणून एक सॉफ्टवेअर विकत घेतलं, जे ठिपके पाहून यात रेघ कुठली असावी याचा अंदाज बांधी. हाच अंदाज माणसानं बांधला तर त्याला अंदाजपंचे म्हणतात. संगणकानं बांधला म्हणून त्याला आम्ही रूपांतर म्हटलं.

रूपांतराची सुरुवात उत्साहवर्धक झाली. शाईची एक रेघ अकरा ठिपके जाड होती, त्यामुळे सॉफ्टवेअरनं नदीसारखे तिचे दोन्ही काठ काढले आणि प्रत्येक भागाच्या पोटात तोच भाग पुन्हा दिसू लागला. ते दुरुस्त केल्यावर सरळ रेघेचे दोनशे चौदा तुकडे झाले. वर्तुळाला सदतीस कोपरे आले. कमानीशेजारी लिहिलेलं 'आर बारा' हे माप सॉफ्टवेअरला कमानीचाच भाग वाटलं आणि मशीननं ते पहिल्या नगावर सुबक कोरून दिलं. मशीनवरच्या गणपतनं तो नग घरी नेला. ऑगस्टात स्कॅन झालेली ड्रॉइंगं पावसाच्या दमट हवेत फुगली होती, म्हणून ऑगस्टातले सगळे भाग दीड मिलिमीटर लांब निघाले. त्यावर पावसाला पत्र देण्याची तरतूद नसल्यानं प्रकरण निकाली काढण्यात आलं.

हे काम अवंती करायची. धारची मुलगी, तेवीस वर्षांची, नुकताच डिप्लोमा झालेली. तिचं घराणं धारला सात पिढ्या मराठी बोलतंय, पण शाळा हिंदी असल्यामुळे मराठी वाचताना ती ओळीखाली बोट ठेवायची. संगणकावर मात्र तिचा हात असा चाले की पाहत राहावं. आणि तिनं केलेलं तपासायला रत्नाकरराव.

रत्नाकररावांबद्दल थोडं सांगायला हवं. ते आमचे ड्राफ्ट्समन. अकराशे सेहेचाळीसपैकी सातशेच्या वर ड्रॉइंगं त्यांच्या हातची. त्यांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात नकाशेनवीस होते. तेव्हा देवासात दोन पात्या, म्हणजे एकाच गावात दोन संस्थानं होती आणि हद्द बाजारातून जाई. एका दुकानाची पायरी थोरल्या पातीत आणि दुकान धाकट्या पातीत, असा तो नकाशा आजोबांनी काढला होता म्हणे. त्यामुळे रेघ चुकली की दोन राज्यांत भांडण लागतं, अशी समजूत या घराण्यात पक्की बसलेली. रत्नाकरराव पेन्सिल ठेवतानासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवत. ही सवय आधुनिक उत्पादनाच्या आड येते, हे मी त्यांच्या गोपनीय अहवालात दोनदा नमूद केलं आहे.

आता मुख्य अडचणीकडे येतो. पंचवीस वर्षं जुन्या कागदावर रेघांखेरीज इतरही गोष्टी असतात. घड्या असतात, चहा असतो, माश्यांनी बसून केलेलं असतं. सॉफ्टवेअर त्यांच्यात डावं-उजवं करत नाही. तेव्हा कुठला ठिपका लोखंडाचा आणि कुठला माशीचा, हे ठरवायचं कोणी? यासाठी समिती नेमली, तिच्या तीन बैठका झाल्या, आणि नियम क्रमांक सात तयार झाला. तो मीच लिहिला आहे. शंका आल्यास ठिपका ठेवावा.

यामागचा विचार वाचकांनी समजून घ्यावा. ठिपका चुकून काढला तर काढणाऱ्याचं नाव येतं. ठिपका चुकून ठेवला तर कागदाचं नाव येतं. म्हणून ठिपका काढायचा तर तीन सह्या लागतील असं ठरलं, एक ड्राफ्ट्समनची, दुसरी साहेबांची आणि तिसरी ग्राहकाची. ठिपका ठेवायचा तर सही लागत नाही. इतका सुटसुटीत नियम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

वर्षअखेरचा अहवाल बोलका आहे. तपासलेल्या खुणा नऊ हजार तीनशे बारा. ठेवलेल्या खुणा नऊ हजार तीनशे चार. काढलेल्या आठ, आणि त्याही कागदच त्या जागी फाटला असल्यामुळे. माश्यांच्या खुणा दोन हजार सतरा, पैकी एक हजार सहाशेंना नियमानुसार बारीक छिद्राचा दर्जा मिळाला. एका झाकणाच्या ड्रॉइंगची घडी खाच म्हणून कापली गेली आणि तीतून पाणी छान निथळतं, असं अमझेऱ्याच्या दुकानदारानं कळवलं. एका चाकाच्या ड्रॉइंगवर चिरडलेला डास सहा पायांचा ब्रॅकेट होऊन बाहेर पडला. (नमुने शिल्लक आहेत. उपयोग सुचल्यास कळवावं.)

एक गोष्ट मात्र सह्यांशिवाय काढता येई. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकोन असतो, त्यात काढणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. नावात कापण्यासारखं काही नसतं, म्हणून नियम चारप्रमाणे तो चौकोन सरसकट पुसायचा होता. रत्नाकरराव अवंतीच्या मागे उभे राहून पाहत होते.

"सगळा चौकोन?" त्यांनी विचारलं.

"हो काका, सगळाच. मशीनला नाम नहीं लगता ना."

"बरोबर आहे," रत्नाकरराव म्हणाले. अशा रीतीनं माश्या राहिल्या आणि रत्नाकरराव गेले. मला ते बरं वाटलं नाही, पण बरं न वाटण्याचा रकाना अहवालात नाही.

जून १९९९ मध्ये मशीनवरून सहाशे लिव्हरांची पहिली खेप उतरली. हा लिव्हर थ्रेशरच्या तोंडाशी, माल घालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. तो वर्षभर काही करत नाही. पेंढीबरोबर एखाद्याची बाही किंवा हात आत ओढला गेला, तर शेजारच्यानं तो खेचायचा, की आतला ड्रम थांबतो. एवढंच त्याचं काम. त्याच्या मानेत, जिथे खेचण्याचा सगळा ताण येतो तिथे, एक भोक होतं. अठरा मिलिमीटरचं. मान सगळी मिळून चाळीस मिलिमीटर रुंद.

रत्नाकररावांनी एक लिव्हर उचलला, खिडकीशी नेला, भोकातून बाहेर पाहिलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"हे भोक नाही," ते म्हणाले. "हे माझं बोट आहे."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. हकीकत अशी निघाली की दर खंडेनवमीला ड्रॉइंग ऑफिसात पूजा होई. गुण्या, कंपास, शाईची पेनं मांडत, आणि त्या वर्षातलं जे ड्रॉइंग सगळ्यांत मनासारखं उतरलं असेल ते मधोमध ठेवत. १९८६ साली तो मान लिव्हरला मिळाला. रत्नाकररावांची थोरली बहीण, जिला सगळं देवास अक्का म्हणतं, तिनं घरून करंडा दिला होता. रत्नाकररावांनी अनामिकेनं ड्रॉइंगच्या मध्यावर आधी हळद लावली, मग ओलं कुंकू. ड्रॉइंगचा मध्य म्हणजे लिव्हरची मान. स्कॅनर काळा-पांढरा असल्यामुळे त्याला हळद दिसलीच नाही आणि कुंकू काळंकुट्ट दिसलं. ड्रॉइंग निम्म्या मापाचं, म्हणून संगणकानं सगळ्याबरोबर बोटही दुप्पट केलं. बोटाचा ठसा लांबट होता, तो अवंतीनं सोयीसाठी गोल केला. कोणीही नियम मोडला नव्हता.

"ओढला की इथेच तुटणार हा," रत्नाकरराव म्हणाले. "आणि ओढतील ते कुणाचा तरी हात आत असतानाच. हंगाम ऑक्टोबरात. तोवर भोक बुजायला हवं."

हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा लिहून घेतलं आणि ठिपका काढण्याचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. पहिली सही मिळायला चार सेकंद लागले, हा आमच्याकडचा विक्रम आहे.

अर्जात 'खुणेचे नाव' असा रकाना होता. रत्नाकररावांनी खरं ते लिहिलं, कुंकू. कारखान्याची कागदपत्रं हिंदीत चालत, म्हणून अवंतीनं त्याचं हिंदी केलं. घरी नऊवारीतल्या आजीकडून कुंकू शिकलेल्या आणि शाळेत हिंदीतून वाढलेल्या त्या मुलीला कुंकू म्हणजे सिंदूर वाटणं साहजिक होतं. छापील मजकुरात ते बसलं आणि अर्ज तयार झाला: 'अधोहस्ताक्षरी की सहमति से उपरोक्त सिंदूर सदा के लिए मिटा दिया जाए.'

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"रत्नाकरराव, टेक्निकली तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ह्या वाक्याखाली मी सही करू? मुलीचं लग्न वैशाखात झालंय. श्रावणात तिची पहिली मंगळागौर आहे आमच्याकडे."

"मग डाग म्हणा साहेब. लाल ठिपका म्हणा. काहीही म्हणा, पण बुजवा."

ही सूचना उत्तम होती. पण खूण नोंदवहीत कुंकू म्हणून चढली होती, आणि नोंदवहीतलं नाव बदलायचं तर आधीची नोंद काढावी लागते, आणि नोंद काढायला तोच अर्ज लागतो, तीन सह्यांचा. मी हे समजावून सांगितल्यावर सगळे बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. ते कौतुक असावं.

समितीपुढे विषय आला. हिशेब विभागाचे गृहस्थ म्हणाले, त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण त्यांच्या मिसेसचा आहे. खरेदी विभागानं विचारलं की श्रावण उलटल्यावर घेतलं तर? श्रावण उलटल्यावर पितृपक्ष जवळ आला म्हणाले, आणि पितृपक्षात तर कुंकू पुसण्याचं नावच नको. त्यापुढे नवरात्र. पंचांग बारकाईनं पाहता कुंकू पुसायला योग्य असा दिवस वर्षात एकही नाही, असं आढळून आलं. तसा ठराव झाला.

यातून मार्ग साहेबांनीच काढला. भोक काढता येत नसेल तर त्याला कारण द्यावं. वजन कमी करण्यासाठी लोखंडात मुद्दाम भोकं ठेवतातच, तेव्हा हेही तसंच, असं ड्राफ्ट्समननं एका ओळीत लिहून द्यावं. संगणक आल्यामुळे ड्राफ्ट्समनच्या जागा ३१ मार्च २००० ला संपणार होत्या. एकच नवी जागा होती, रूपांतर-तपासनीस, आणि ती निवृत्तीपर्यंत पक्की. रत्नाकररावांचं वय तेव्हा एक्कावन्न होतं. साहेबांनी ओळ टाइप करून आणली होती आणि नेमणुकीचा कागद तिच्या खालीच होता.

रत्नाकररावांनी पेन उघडलं. ओळ वाचली, खालचा कागदही वाचला. मग पेनाचं टोपण लावून ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

"हे मी काढलेलं नाही, साहेब. मी फक्त बोट लावलं होतं."

"मग काढलंय कुणी?"

सगळ्यांनी संगणकाकडे पाहिलं. अवंतीनं तो केव्हाच बंद केला होता. रत्नाकरराव उठून गेले, तेव्हा ती ओळ मी प्रमाणित केली. ड्राफ्ट्समननं लेखी नकार दिला नसल्यामुळे तो होकार धरता येतो, असा नियम अकरा आहे. (तोही माझाच.)

सप्टेंबरच्या एका रविवारी रत्नाकरराव कन्नौदच्या बसमध्ये दिसले. त्यांच्या मांडीवर गोणपाटाची पिशवी होती, तीत बारा लिव्हर होते, विनाभोकाचे. पाळी संपल्यावर त्यांनी आणि गणपतनं भंगारच्या पट्टीतून हातानं कापले होते. मीही त्याच बसमध्ये होतो, कारण नोंद नसलेला माल आवाराबाहेर चालल्याचं मला कळलं होतं आणि त्याची नोंद घेणं माझं कर्तव्य होतं. आम्ही शेजारी बसलो. मी त्यांच्या तिकिटाचे अर्धे पैसे देतो म्हणालो. ते नको म्हणाले.

कन्नौदच्या मंडीसमोर उमाशंकर यांचं दुकान. आमचा सगळ्यांत मोठा विक्रेता. रत्नाकररावांनी बारा लिव्हर त्यांच्या पुढ्यात मांडले आणि म्हणाले, हे घ्या, तेवढेच भोकाचे मला परत द्या, मी दर रविवारी येऊन सगळे बदलून देईन. उमाशंकरनी एक लिव्हर उलटसुलट केला.

"छेद किधर है, भिया?"

"छेद नहीं है. छेद नहीं चाहिए उसमें."

"तो ये डुप्लिकेट है." उमाशंकरनी लिव्हर खाली ठेवला. "कंपनी का माल छेद वाला आता है. डही गाँव से लेकर यहाँ तक बच्चा-बच्चा जानता है. किसान पहले छेद में उँगली डाल के देखता है, फिर लेता है."

आणि खरंच, दुकानात उभा असलेला एक जण लिव्हरच्या भोकात बोट घालून पाहतच होता. एकानं सांगितलं की भोकाला लिंबू-मिरची छान बांधता येते. दुसरा म्हणाला की खिळ्याला टांगायला बरं पडतं. नकली माल करणाऱ्यांनीसुद्धा आता भोक पाडायला घेतलंय, अशी उमाशंकरांची तक्रार होती, आणि त्याचा कंपनीनं बंदोबस्त करावा.

"अरे भाई, वो छेद मेरी गलती है," रत्नाकरराव म्हणाले. "मैंने कुंकू लगाया था, वो मशीन ने काट दिया. जोर पड़ेगा तो वहीं से टूटेगा. किसी का हाथ जाएगा."

उमाशंकर मोठ्यानं हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "गलती एक में होती है, भिया, दो में होती है. छह सौ में एक जैसी गलती होती है क्या? छह सौ में तो डिज़ाइन होती है."

मला तर ते इतकं पटलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. चहा चांगला होता. पिशवी जशीच्या तशी परत आली.

परतीच्या बसमध्ये रत्नाकररावांनी विचारलं, "तुम्ही सही केली असतीत?"

"त्या तिघांत मी नाही," मी म्हणालो.

"हो. खरंच की," ते म्हणाले, आणि देवास येईपर्यंत पिशवी धरून बसले. मला शरम वाटली. ही गोष्ट मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे, कारण तिला क्रमांक देता आला नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कन्नौदजवळच्या एका खळ्यावर विठोबा नावाचा मजूर थ्रेशरमध्ये पेंढ्या घालत होता. बाही अडकली. शेजारच्यानं, जसं करायला हवं तसं, लगेच लिव्हर खेचला. लिव्हर मानेतून तुटून त्याच्या हातात आला आणि ड्रम चालत राहिला. कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला तोपर्यंत विठोबाची दोन बोटं गेली होती, करंगळी आणि अनामिका.

चौकशी तत्परतेनं झाली. पहिला प्रश्न, लिव्हर अस्सल होता का? दोन्ही तुकड्यांवर अर्धं-अर्धं भोक आढळलं, अर्थात अस्सल होता. दुसरा प्रश्न, मग तुटला का? खेचणाऱ्यानं गरजेपेक्षा जास्त जोर लावला म्हणून. खेचणाऱ्याचा जबाब जोडला आहे. "मैंने तो रोकने के लिए खींचा था." किती जोर लावावा हे त्याला माहीत नव्हतं, हे यातून स्पष्ट होतं. म्हणून लिव्हरवर 'हलक्या हाताने ओढा' असं कोरण्याची शिफारस झाली. अक्षरं कोरण्यात मशीनचा हात आधीच बसला होता.

साहेबांबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. अहवाल आला त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं, तो अर्ज मागितला आणि न वाचता सही केली. सही वेडीवाकडी आली आहे. मंगळागौरीचा विषय निघाला नाही. अशा रीतीनं दोन सह्या झाल्या आणि ग्राहकाची तेवढी उरली.

ती घ्यायला मी आणि रत्नाकरराव पुन्हा कन्नौदला गेलो. उमाशंकरनी वाक्य वाचलं आणि कागद दोन बोटांनी परत सरकवला. "दिवाली सिर पे है, और आप सिंदूर मिटाने का कागज लाए हो?" शिवाय भोक बंद झालं तर माल परत पाठवीन, हेही सांगितलं. थ्रेशरच्या मालकाकडे गेलो. तो म्हणाला, दुकानवाले से पूछो. शेवटी विठोबाच्या घरी गेलो. हाताला पट्टी होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या बोटांत पेन धरायची तयारी दाखवली. पण त्यानं लिव्हर विकत घेतलेला नव्हता. नियमाच्या भाषेत तो ग्राहक नसून चालक होता, म्हणून मला पेन परत घ्यावं लागलं. रत्नाकरराव त्याच्या हाताकडे पाहत होते. बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि नंतरही कधी फारसे बोलले नाहीत.

३१ मार्चला त्यांचा निरोप समारंभ झाला. भेट म्हणून लिव्हरचं ड्रॉइंग, संगणकावरून छापलेलं, सोनेरी चौकटीत. एकही डाग नाही, रेघा कशा लख्ख, कोपऱ्यात नाव नाही. रत्नाकररावांनी भोकावर आपली अनामिका ठेवून पाहिली. छापील भोक मोठं होतं, बोट त्यात इकडून तिकडे फिरलं. चौकट जड असल्यामुळे पोहोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी ती दारातच निरखली.

"हे रे कुणाचं चित्र?"

"माझंच," रत्नाकरराव म्हणाले आणि चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्यानंतर अवंतीनं नोकरी सोडली. जाताना ती म्हणाली की नियमांचा अभ्यास तुमच्याइतका कोणाचाच नाही, मग जरा 'ग्राहक' म्हणजे कोण तेही एकदा नीट पाहा ना. तिच्या स्वरात मला आदर वाटला. मी पाहिलं. सहा वर्षं पाहिलं, कारण घाईत केलेली व्याख्या टिकत नाही. आणि आज, २००६ मध्ये, सांगायला आनंद वाटतो की नियमातला ग्राहक म्हणजे नुसता विकत घेणारा नव्हे. ज्याच्या घरी मालाचं फळ अखेर पोहोचतं, तो ग्राहक. लिव्हर थ्रेशरला लागतो, थ्रेशर सोयाबीन मळतो, सोयाबीनचं तेल निघतं, आणि ते तेल ज्याच्या कढईत पडतं तो आमचा ग्राहक. म्हणजे उमाशंकर नव्हेच. मालकही नव्हे. तुम्ही.

तेव्हा तो अर्ज मी बरोबरच आणला आहे. दोन सह्या झालेल्या आहेत, तिसरी जागा मोकळी आहे. लिव्हर अजून निघतोच आहे, भोकासकट. यंदा सोयाबीन बरं आलं आहे आणि मळणीला पंधरा दिवस आहेत. आतापर्यंत तुम्ही साहेबांना हसलात, समितीला हसलात, मला तर मनातल्या मनात बरंच काही म्हणालात, तेव्हा तुमची अडचण नसावी. सही इथे करायची. वरचं वाक्य तेच आहे, तेवढं मला बदलता आलेलं नाही.

वाचा, सावकाश वाचा. हो, भाषा जरा तशीच आहे. आज वार कोणता, हे बघायचं असेल तर पंचांगही आणलंय मी. घरी विचारून सांगता? चालेल, त्यात संकोचाचं काही कारण नाही. घरी विचारून सांगतो म्हणालेल्यांची यादी मी वेगळी ठेवली आहे. तुमचं पूर्ण नाव तेवढं सांगा, वडिलांच्या नावासकट.